डोळे आले त्या पावसाळ्यात

आषाढ पौर्णिमा, गुरुवार. परवा भिजत घातलेले वाल काल फडक्यात बांधून ठेवले होते. आज त्यांना गव्हाच्या दाण्याएवढे मोड आलेत आणि मी कोमट पाण्याची परात पुढ्यात घेऊन ते सोलत बसले आहे. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. पावसाचे तीन महिने रोज दिवेलागणीला एकानं ग्रंथाची चार पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी बसून ऐकायची, अशी आमच्याकडची रीत. पहिल्या दिवसाची डाळिंब्यांची उसळ आमच्या घरची असते. माझ्यासमोर इरा बसली आहे. इरा माझ्या मामेभावाची नात, आठ वर्षांची, सुट्टी नसतानाही चार दिवसांसाठी शहापूरला माझ्याकडे धाडलेली. धाडण्याचं कारण तिच्या आईनं फोनवर सांगितलं. म्हणाली, आत्या, ही वाचतच नाही हो. पुस्तक हातात दिलं की तोंडाला कुलूप. मी विचारलं, मनात वाचते का? ती म्हणाली, मनातलं आपल्याला कसं कळणार? मी म्हटलं, पाठवून दे. आणि आल्या आल्या तिला वाल सोलायला बसवलं. वाल दोन बोटांत दाबला की सालीतून टुणकन उडतो. सहा उडाले, त्यातले चार तिच्या बाजूचे. अजून पुस्तकाचा विषय मी काढलेला नाही. तो कसा काढायचा नाही, हे मला नीट माहीत आहे, कारण चौथीत असताना घरच्यांनी तो माझ्यापुढे सगळ्या चुकीच्या रीतींनी काढून बघितला होता.

आमची वाडी शेणव्याच्या पुढे. घरात आई, मी आणि जनाआत्या अशी तीन माणसं कायमची, आणि आबा म्हणजे माझे वडील आठवड्यातून एक दिवसाचे. ते कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये होते. तिथंच खोलीत राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी यायचे. आले की पहिल्यांदा पाय धुवायचे, मग माझी चौकशी, मग जेवण, हा क्रम ठरलेला. जनाआत्या त्यांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, उंच, दणकट, आवाजाची. तिच्या आवाजावर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. पहाटे कोंबड्यांना हाक, मग आईला, मग मला, आणि तिघांना एकाच सुरात. पावसाळ्यात पत्र्यावर इतका धडधडाट चालायचा की घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. पाऊस थांबला तरी आत्या ओरडतच राहायची, कारण तिला तो थांबल्याचं कळायचं नाही. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, टाकळ्याची नाहीतर फोडशीची भाजी, आणि बांधावर मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, सापडले की त्यांचं लालभडक कालवण. त्या कालवणाचा वास आजही आला तर मी हातातलं काम टाकून उठते. आई शांत होती. आत्या बोलते म्हणून शांत होती की मुळात शांत होती, हे सांगता येणार नाही. आत्या असेपर्यंत ते तपासायची संधीच आली नाही.

आमच्या घरात वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं. दुसरा अर्थच नव्हता. तोंड मिटून पुस्तकाकडे नजर लावलेल्या माणसाला ‘पुस्तक बगतोय’ म्हणायचे, जसं कुणी गाय बघतो किंवा आभाळ बघतो. घरात शाळा शिकलेलं कुणी नव्हतं. आबांना सहीपुरतं यायचं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यानं वाचलेलं ऐकलं, त्यांना वाचणं हे कानाचंच काम वाटणार. तेव्हा मला हे कळत नव्हतं, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं.

मी वाचायची बंद झाले ती दुसरीत. देशावरचे नवे गुरुजी आले होते. वाईट नव्हते, उलट हौशी होते. त्यांनी मला उभं केलं आणि धडा वाचायला सांगितला. त्यात एक वाक्य होतं, मी उद्या येणार नाही. मी वाचलं, मी उद्या येनार नाय. गुरुजी म्हणाले, पुस्तकात काय आहे ते वाच. मी पुन्हा वाचलं, नाय. मला खरोखर फरक ऐकू येत नव्हता. पुस्तकात जे लिहिलं होतं त्याला आम्ही नाय म्हणायचो. तांब्याला तांब्या म्हणावं तसं मी ते म्हणत होते. गुरुजींनी दहा वेळा म्हणायला लावलं. दहाही वेळा नाय. पाचव्या वेळेपासून वर्ग हसायला लागला आणि दहाव्या वेळी गुरुजींनाही हसू आलं. ज्या पोरी हसल्या त्यासुद्धा घरी नायच म्हणायच्या, पण त्यांची पाळी आली नव्हती. त्या दिवशी मी हिशेब केला, की तोंड उघडलं तर हसतात आणि मिटलं तर फार तर छडी बसते. छडी मला परवडत होती.

नुसतं गप्प बसणं मात्र फार दिवस चालत नाही, कारण लागतं. मी कारण शोधलं, डोळे दुखतात. हे कारण दोन वर्षं टिकलं. त्याची किंमत मला डोळ्यांनीच मोजावी लागली, कारण जनाआत्यानं उपचार सुरू केले. धण्याचं पाणी झालं, एरंडेल झालं, पोटलीत बांधलेली तुरटी झाली. शेजारी बाळंतीण होती, तिच्यापुढे मला आडवं करून डोळ्यांत दुधाची धार घातली. ती बाळंतीण हसत होती आणि तिचं पोर आपलं दूध वाया जातंय म्हणून भोकाड पसरून रडत होतं. मी डोळे चोळत म्हणायचे, अजून दुखतात. आत्या म्हणायची, दुखनारच, मुळातनं निघतंय ते.

तिसरी संपता संपता गुरुजींनी आबांना बोलावलं. सांगितलं, मुलगी गणितात बरी आहे, पण तिला वाचता येत नाही. चौथीत घेतो, पण दिवाळीपर्यंत वाचली नाही तर पुढे ढकलता येणार नाही. आबांनी मला मुरबाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. तिथं माझा मामा राहायचा, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. शेणव्याच्या फाट्यावरनं आम्ही एसटी धरली. आबा सुट्टीचा एकमेव दिवस माझ्यावर घालवत होते, आणि वाटभर त्यांनी एकदाच तोंड उघडलं, उलटी आली तर सांग म्हणाले.

डॉक्टरच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. एका बाजूला तीन दात्यांच्या कंगव्यासारखी चित्रं, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. दाते कुठल्या बाजूला ते बोटानं दाखवायचं. मी शेवटच्या ओळीपर्यंत न चुकता दाखवलं. बोट दाखवताना कुणी हसत नाही, म्हणून मला आवडलं ते. मग दुसऱ्या बाजूची अक्षरं वाच म्हणाले. तिथं मी थांबले. मला सगळी दिसत होती, सगळी येत होती. पण दाराशी चार माणसं नंबर लावून बसली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. शिवाय माझ्या डोक्यात आलं, की वाचली तर दोन वर्षांचं दुखणं खोटं ठरेल. मी गप्प राहिले. डॉक्टरनं तळाच्या ओळीवरून वर येत मोठ्यातल्या मोठ्या अक्षरावर पट्टी ठेवली, ग होता तो, आणि माझ्याकडे बघून पट्टी खाली ठेवली. आबांना म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. हिला अक्षरच येत नाही.

परतताना मामाच्या दुकानात थांबलो. मामीला नुकती जुळी मुलं झाली होती आणि तिला हाताखाली कुणीतरी हवं होतं. मी बाहेर बाकड्यावर बसून चहात बटर बुडवून खात होते, तेवढ्यात आत सगळं ठरलं. दिवाळीपर्यंत बघायचं. वाचली तर शाळा, नाहीतर कुंदी, म्हणजे मी, मुरबाडला, मामीची पोरं सांभाळायला. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मुरबाडला बाजार होता, आणि पोरांना काही वाचून दाखवावं लागत नाही. मग एसटीत बसल्यावर लक्षात आलं की तिथून परत येण्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं.

घरी आल्यावर प्रयत्न सुरू झाले. आबांनी कल्याणहून रंगीत चित्रांचं पुस्तक आणलं. मी ते अर्ध्या तासात संपवलं, मनात. आणि रात्री जेवताना आबांनी विचारलं, काय वाचलंस त्यात, तर बोलले नाही. आईनं काचेची बांगडी कबूल केली. मग दोन केल्या. आबांनी एकदा आवाज चढवला, पुढच्या आठवड्यात स्वतःहून गूळ-शेंगदाणे आणले, त्याच्या पुढच्या आठवड्यात आल्यावर माझी चौकशी करायचं सोडून दिलं. ते मला सगळ्यात लागलं. पाय धुऊन थेट पानावर बसायला लागले. तरी माझं तोंड उघडेना, कारण वाचून दाखव, वाचून दाखव, असं जितकं लोक म्हणत तितका तो वर्ग माझ्या कानात हसत होता. एका जनाआत्यानं काही प्रयत्न केला नाही. तिच्या मते विषय डोळ्यांचा होता आणि तो डॉक्टरनं बिघडवला होता.

आणि या सगळ्या काळात मी वाचत होते. भाताच्या कणगीच्या मागे बोळ होता, तिथं बसून हाताला लागेल ते. फळ्यांवर अंथरलेले जुन्या वर्तमानपत्रांचे कागद, वरचे डबे सरकवून, उलटे असतील तर उलटे. एकदा असं झालं, की एका कागदावर हरवलेल्या बैलाबद्दल कुणीतरी छापून आणलं होतं. बैलाचं वर्णन असं केलं होतं की त्याचा मालक नवरदेव शोधतोय असं वाटावं, रंग गोरा, स्वभाव शांत, उजव्या कानानं किंचित कमी ऐकू येतं. मला हसू फुटलं. वर बघितलं तर आत्या सूप घेऊन उभी होती. मी उठून गेल्यावर तिनं तो कागद फळीवरून काढून उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, हे मला नंतर कळलं.

(इरा आत्ता हसली. वालाची सालं टाकायला मी वर्तमानपत्र पसरलंय, तिच्या बाजूचं पान नुसतं मजकुराचं आहे, एकही चित्र नाही. मी मान खाली घालून सोलत राहिले.)

त्या वर्षी वर्षावास सुरू झाला आणि पंधरा दिवसांत डोळ्यांची साथ आली. आमच्याकडे डोळे येणं पावसाळ्याला नवीन नाही, पण त्या साली ते घराघरात शिरले. सकाळी पापण्या चिकटलेल्या, डोळे लाल, खुपणारे, पाणी गळतंय. डॉक्टर लोक सांगतात की ते हाताला, फडक्याला लागून पसरतं. तेव्हा वाडीत सगळ्यांचं एकच मत होतं, डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपले येतात. त्यामुळं सगळी वाडी खाली मान घालून चालत होती. पाणवठ्यावर बाया एकमेकींच्या पायांशी बोलायच्या. ग्रंथ वाचायचे ते धर्माकाका. पूर्वी कल्याणच्या बाजूला कारखान्यात होते, चष्मा होता, सूर होता. त्यांचे डोळे आले. मग हायस्कुलात जाणारा त्यांचा पुतण्या दोन दिवस वाचत होता, त्याचे आले. मग वाडीत लग्न होऊन आलेली, चार इयत्ता शिकलेली एक सून होती. तिचे सोमवारी आले. मंगळवारी संध्याकाळी पत्र्याच्या त्या एका खोलीत पंचवीसेक माणसं बसली होती, बहुतेकांच्या डोळ्यांवर ओली फडकी, मूर्तीपुढे मेणबत्ती लावलेली, वंदना झालेली, चौरंगावर ग्रंथ उघडलेला, आणि त्याच्यामागे बसायला कुणी नाही.

धर्माकाका म्हणाले, वाडीनं धम्म घेतला त्या सालापासून वर्षावासात एक संध्याकाळ चुकली नाय. कुणी म्हणालं शेणव्याहून माणूस आणू. कुणी म्हणालं एवढ्या पावसात कोण येतोय. मी आईच्या मांडीला टेकून बसले होते. आमच्या घरात माझे एकटीचे डोळे स्वच्छ होते. दोन वर्षं दुखणारे ते हेच.

“कुंदी वाचील,” जनाआत्या म्हणाली.

आईनं तिचा पदर ओढला. “वन्सं, काय बोलता? तिला अक्षर येत नाय. डाक्तर बोललाय.”

“डाक्तरनं तिला कणगीमागं हसताना बगितलंय काय? मी बगितलंय. नुसता कागद होता, चित्र नाय, काय नाय. नुसत्या मुंग्या. मुंग्यांकडं बगून मानूस हसतं कधी? ज्याला त्यातलं कळतं तोच हसंल.”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पंचवीस माणसं. मी म्हणणार होते डोळे दुखतात, आणि लक्षात आलं की आज हे वाक्य म्हणणारी मी या खोलीत एकटीच खोटी असेन. तेवढ्यात आत्यानं पुढचं फर्मान काढलं.

“पन एक सांगते. हिच्याकडं कोन बगायचं नाय. सगळ्या वाडीत वाचनारे हे येवढेच डोळे वाचलेत. बगाल तर तिचेबी येतील, मग उद्या काय करनार? फडकी घ्या सगळ्यांनी. धर्मा, तू पन.”

आणि सगळ्यांनी फडकी ओढली. ज्यांचे डोळे आले नव्हते त्यांनी पदर घेतले, टोप्या पुढे ओढल्या, लहान पोरांच्या डोळ्यांवर आयांनी हात ठेवले. मी चौरंगामागे जाऊन बसले आणि वर बघितलं, तर समोर पंचवीस माणसं होती आणि एकाचीही नजर माझ्यावर नव्हती. नुसते कान होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळं मोठ्यानं वाचावंच लागणार होतं. मी बोट ठेवलं आणि सुरू केलं.

पहिली काही वाक्यं कशी गेली आठवत नाही. धर्माकाकांचाच सूर मी लावला होता, कारण दुसरा माहीत नव्हता. तिसऱ्या का चौथ्या ओळीला ‘नाही’ आलं आणि मी म्हटलं, नाय. म्हटल्यावर थांबले. कुणी हसलं नाही. हसणार कोण? तिथं सगळेच नाय म्हणणारे. फक्त धर्माकाका फडक्याआडून म्हणाले, “नाही म्हन, कुंदे. ग्रंथात नाही लिवलंय.”

“तुझे डोळे मिटलेत, धर्मा,” आत्या म्हणाली. “तुला काय ठावं काय लिवलंय?”

“मला पाठ हाय.”

“पाठ हाय तर मघाशी गप का बसलास? पोर वाचतेय, वाचू दे.”

खोलीत हसू पिकलं, पण ते धर्माकाकांवर होतं. दुसऱ्यावर हसतात तेव्हा किती बरं वाटतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. चार पानं झाली. वंदना झाली. आईनं घरी येताना माझा हात धरला आणि घर येईस्तोवर सोडला नाही, एवढंच. आत्यानं मात्र वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगितलं की धण्याच्या पाण्याचा गुण दोन वर्षांनी आला.

मग रोज मीच. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रोज मी बसले की आत्या म्हणायची, फडकी घ्या, आणि सगळे घ्यायचे. धर्माकाका रोज एकदा तरी नाही म्हण म्हणायचे. चौथ्या दिवशी मला तो ‘ही’ ऐकू आला. इतकी वर्षं माझ्या कानाला तो लागतच नव्हता. अंधारात चाचपडताना एकदम उंबरा लागावा तसा लागला. नाही. मी म्हणून बघितलं. जीभ वळली. पुढच्या ओळीला पुन्हा नाय म्हटलं, मुद्दाम, तीही वळली. दोन्ही येत होती. मग मी ठरवलं की ग्रंथात जसं असेल तसं वाचायचं, आणि आत्याला समजावून सांगताना आपल्या बोलीत सांगायचं. कारण मधेच हात वर करून, म्हंजे काय गो, असं ती विचारायचीच.

रविवारी आबा आले, सुट्टी नसताना. त्यांचेही डोळे आले होते. गँगमध्ये पसरू नयेत म्हणून मुकादमानं घरी धाडलं होतं. जीपमधून फाट्यावर उतरले ते टॉवेल डोळ्यांवर धरून, शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून आले. घराला कडी, म्हणून तसेच विहारात आले आणि दाराशी आत्याजवळ बसले. मी वाचत होते. ते आलेले मी बघितले आणि माझा आवाज चिरकला, पण टॉवेल डोळ्यांवर होता म्हणून मी पुढे गेले. दोन पानं त्यांनी तशीच ऐकली. परिच्छेद संपून मी श्वास घेतला तेवढ्यात पाऊसही जरा ओसरला, आणि त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

“कोन वाचतंय गो, आक्का?” त्यांनी आत्याला विचारलं. “शहापूरची कोन पोर आलीय काय?”

“नाय,” आत्या म्हणाली. “मुरबाडला धाडायचीय ती.”

आबांनी टॉवेल खाली घेतला. आत्या म्हणाली, शिवा, बगू नको, तिचे येतील. पण ते बघत राहिले. डोळे लालबुंद, सुजलेले, पाणी वाहत होतं. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतंच, म्हणून त्या पाण्याचा मी आजवर दुसरा काही अर्थ लावलेला नाही. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते माझ्याकडे सरळ बघत होते आणि मी वाचत होते. राहिलेली दोन पानं मी त्यांच्या नजरेसमोर संपवली. वर्गात हसलेला तो आवाज बराच वेळ झाला आला नव्हता, हे मला पान उलटताना लक्षात आलं.

घरी जाताना आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, मुरबाडला निरोप धाडतो, मामीची दुसरी सोय बगा म्हनून. आणि थोडं पुढे गेल्यावर, चिखलातून पाय उपसत, मोठा श्वास सोडून म्हणाले, “वाचलो.”

“तुमी कुठं वाचलात?” आई म्हणाली. “वाचलं पोरीनं.”

आईनं केलेला विनोद मी पहिल्यांदाच ऐकत होते. आत्याला तो पावसात ऐकू गेला नाही, म्हणून तो पुन्हा सांगावा लागला, आणि मग ती घरापर्यंत हसत आली. घरी आबांनी पाय धुतले. टॉवेलनं पुसत म्हणाले, काय कुंदे, बरी हायस? मग पानावर बसले. मुठ्यांचं कालवण होतं. मी त्यांच्या शेजारी बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी कोणत्या भांड्यात हात घातला आणि कोणत्या टॉवेलला पुसला, याची तेव्हा कुणी नोंद ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात. पापण्या चिकटल्या होत्या, आत वाळू घातल्यासारखं खुपत होतं. आत्यानं बघितलं आणि आबांवर तोंड सोडलं, शिवा, बगू नको बोलले होते ना, तूच बगितलंस. आबा कोपऱ्यात अपराध्यासारखे बसून राहिले. आई म्हणाली, आज घरीच ऱ्हा, संध्याकाळचं धर्माभावजी बगतील, त्यांचे आता बरे हायत. मी गरम पाण्यात फडकं बुडवून पापण्या सोडवल्या, वेणी घातली, दप्तर घेतलं आणि शाळेत गेले. वर्ग अर्धा रिकामा होता. गुरुजींनी मला दारातच अडवलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, डोळे दुखतात. ते म्हणाले, दिसतंय, मग घरी जा. मी म्हटलं, जाते, आधी धडा वाचते. जागेवर जाऊन मी पुस्तक उघडलं, उजवा डोळा मिटला, डावा जेमतेम उघडा ठेवला आणि उभ्यानं पहिलं पान वाचलं. त्यात तीन वेळा ‘नाही’ होतं. तिन्ही वेळा नाही म्हटलं. मग पुस्तक दप्तरात घातलं, आणि शेजारची पोर तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती, तिला म्हटलं, बगू नको माझ्याकडं, तुझेबी येतील.